तारेच्या वाटेवरच्या काचा

आमच्या रत्नागिरीच्या घरी मधल्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत काचेच्या वाट्या मांडलेल्या असायच्या. आमटीच्या वाट्या नव्हेत. तारेच्या खांबावर लोखंडी खुंटीवर उपडी बसवलेली जाड काचेची टोपी असते, जिला तार बांधतात, त्या. इन्सुलेटर म्हणतात त्याला, पण आमच्या घरात वाटीच. एक शेवाळी हिरवी, दोन समुद्राच्या पाण्यासारख्या निळसर, एक काकवीच्या रंगाची, एक फिकट जांभळी, आणि बाकीच्या अशा की रंगाचं नाव सांगता येऊ नये. आलेगेले विचारायचे, "हे काय हो बाई?" मी सांगायचे. मग ते "वा वा, हौसेला मोल नाही" म्हणायचे आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरताना आपापसात म्हणायचे, "बाई जरा चक्रमच आहे." मला ऐकू यायचं. चक्रम तर चक्रम. लोक तिकिटं जमवतात, जुन्या समया, लामणदिवे जमवतात, त्यांना कोणी चक्रम म्हणत नाही. माझ्याच हौसेने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

फक्त सासूबाई त्या खोलीत दुपारनंतर बसत नसत. ऊन कलतं झालं की काचांमधून रंगीत उजेड भिंतीवर आणि जमिनीवर यायचा, तो पुढे सरकत झोपाळ्यापर्यंत जायचा. सासूबाई पाय वर ओढून घ्यायच्या आणि उठून पडवीत जायच्या. "तो निळा उजेड अंगावर आला की पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं गो," म्हणायच्या. मी एकदा चिडून खिडकीला पडदा लावला. त्या म्हणाल्या, "पडद्याने काय होणार? आहे ते आहेच." मी पडदा काढून टाकला.

यातली पहिली वाटी माझे थोरले दीर घेऊन आले होते. ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. माझ्या लग्नाला सुट्टी काढून आले होते, तेव्हा आमचं सगळं बिऱ्हाड पूर्णगडाला होतं, खाडीच्या अंगाला. कुठल्या तरी परक्या बंदरात मोडीत पडलेली ती निळी काच त्यांनी उचलली होती. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंड उघडून बोलत नसे. त्यांनी ती अक्कांच्या हाती दिली, आणि अक्कांनी माझ्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, भावोजींची बायको. "तुझ्या भावोजींना दुसरं काही सुचलं नाही बघ," अक्का हसून म्हणाल्या, "नव्या नवरीला साडी आणतात, चोळी आणतात, ह्यांनी खांबाची टोपी आणली." भावोजी पडवीत पाठमोरे उभे होते. त्यांच्याही खांद्यावरून कळलं की ते हसताहेत.

त्यानंतर ते बोटीवर गेले ते गेलेच. पावसाळा संपता संपता कंपनीचं पत्र आलं. बोटीशी संपर्क तुटला आहे, शोध घेतला, काही हाती लागलं नाही, कळवण्यास खेद होतो. एवढंच. बोट बुडाली असं नाही, माणसं गेली असं नाही.

आणि तार आली नाही. ही गोष्ट आज कोणाला समजावून सांगणं कठीण आहे. आमच्याकडे घरोघरचा पुरुष मुंबईला नाहीतर बोटीवर, आणि मरण यायचं ते तारेने. पोस्टमन तार घेऊन पाखाडीला लागलेला दिसला की आधी रडायला सुरुवात आणि मग कागद उघडायचा. एकदा शेजारच्या घरी अशीच तार आली, बायांनी ऊर बडवून घेतला, आणि मजकूर काय, तर मुंबईच्या सुनेला मुलगा झाला. बारशाला त्या मुलाला सगळ्या म्हणत होत्या, "मेल्या, किती रडवलंस आम्हांला."

अक्कांनी हेच धरून ठेवलं. "माणूस गेला की तार येते," त्या म्हणायच्या. "माझी तार आलेली नाही." कंपनीचं पत्र कपाटात होतं, पण पत्राला कोण विचारतं. त्यांनी मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू पुसलं नाही. वटपौर्णिमेला आमच्याबरोबर वडाला जायच्या तेव्हा बाकीच्या बायका थोड्या बाजूला सरकायच्या. वाण द्यावं की न द्यावं, हे त्यांना कळत नसे. मी मुद्दाम अक्कांना पहिलं वाण द्यायचे आणि सगळ्यांकडे अशी बघायचे की कोणाची बोलायची छाती होऊ नये.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली, मला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं काम मिळालं, आणि आम्ही सगळेच गावच्या घराला कुलूप लावून इकडे आलो. वर्षं गेली. रंगीत टीव्ही आले, घराघरावर अँटेना चढल्या. अक्का घरातलं सगळं करायच्या, बोलायच्या कमी.

मग एका हिवाळ्यात मी आणि अक्का एसटीने पूर्णगडाहून येत असताना गोळपच्या सड्यावर गाडी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी येईपर्यंत बसा. मी बसणाऱ्यातली नव्हे. सडा म्हणजे नुसता काळा कातळ आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. रस्त्यापासून बरंच आत जुन्या तारेचे खांब उभे दिसले. तार आता मोटररस्त्याच्या कडेने नेली होती, आणि ही जुनी लाइन तशीच गंजत टाकून दिली होती. कुठे तार शिल्लक होती, कुठे खात्याने काढली की चोरांनी, देव जाणे. बहुतेक खांबांवर पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या होत्या. आणि एकावर, वर उन्हात, निळी काच. भावोजींनी परदेशातून आणलेली, तसलीच. इथे, आमच्या सड्यावर, इतकी वर्षं उभी.

मला वेड लागलं म्हणा. पुढच्या रविवारी मी अक्कांना आणि एका नारळ पाडणाऱ्या गड्याला घेऊन गेले. तो खांबावर चढताना सारखा म्हणत होता, "बाई, नारळ नाय, पोफळ नाय, ह्ये काय पाडायला लावताव?" वाटी खुंटीवर आटे लावून बसवलेली असते, गंजाने धरलेली. त्याने खोबरेल सोडून, फडक्याने पिळून ती काढली. खाली आल्यावर मी ती धुतली आणि सूर्यासमोर धरली. काचेच्या आत बारीक बुडबुडे होते, कोणीतरी खूप वर्षांपूर्वी फुंकलेला श्वास आत अडकून राहावा तसे. अक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त तारमास्तर राहायचे. त्यांना मी वाटी दाखवली. लढाईच्या दिवसांत चिनी मातीच्या मिळेनाशा झाल्या तेव्हा जिथून मिळतील तिथून काचेच्या आणून बसवल्या असतील, असा त्यांचा अंदाज. मग त्यांनी आम्हांला शिकवणीच दिली. "तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून मध्ये काच. काच फुटली, पाऊस लागला, की गळती सुरू. मग संदेश अर्धामुर्धा पोचतो, कधी पोचतच नाही."

"मग जातो कुठे?" अक्कांनी विचारलं.

"जातो कुठे म्हणजे? जमिनीत," तारमास्तर चहा फुंकत म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांना काय माहीत ते कोणाशी बोलताहेत.

अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "त्या साली लाइन खिळखिळीच झाली होती. वादळात किती खांब आडवे झाले होते, तुला आठवतं ना? तार निघाली असेल. वाटेत कुठेतरी फुटकी काच असेल, तिथे उतरली असेल."

"अक्का, वीज असते ती. इतकी वर्षं राहते का कुठे?"

"तू काचा बघायला जातेस ना? मी पण येत्ये. चांगल्या तुला. फुटक्या मला."

अशी आमची जोडी जमली. रविवारची पहिली एसटी, डब्यात पोळी आणि लसणीची चटणी, पाण्याची बाटली, आणि काठीला बांधलेला एक आकडा. मी वर बघत चालायचे, अक्का खाली. फुटकी वाटी दिसली की त्या खांबाशी थांबायच्या. खाली पडलेले काचेचे तुकडे वेचून पुरचुंडीत बांधायच्या. मग पदर कानामागे घेऊन खांबाला कान लावायच्या. हे खांब पोकळ असतात, वारा आला की आतून घुमतात. मी त्या वेळी दुसरीकडे बघत राहायचे. कोणी देवापुढे उभं असलं की आपण बघत नाही, तसं.

घरी मात्र वेगळंच पेटलं होतं. बारा वर्षं पुरी होत आली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की तो गेला असं धरतात, पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि मग त्याचं दिवसपाणी होतं. सासूबाई त्यासाठी अडून बसल्या. त्यांना भावोजी स्वप्नात दिसायचे. एकदा दोनदा नव्हे, सारखे.

"पायरीवर उभा असतो," त्या सांगायच्या. "अंगावरून पाणी निथळत असतं, नि तरी म्हणतो, आई, पाणी दे. मी तांब्या घेऊन धावते, तर हात पुढे करत नाही. त्याला घरातलं पाणी आता चालत नाही गो. त्याला तिळाचं पाणी हवंय."

अक्का भाजी चिरता चिरता थांबायच्या. "जित्या माणसाला तीळपाणी देतात का? आई, तुम्ही त्यांना हातांनी ढकलताय."

"नि तू त्याला तहानलेला ठेवत्येस."

दोघी एकाच माणसासाठी भांडायच्या आणि दोघींचंही खरं होतं. माझा नवरा मधल्यामध्ये निमूट जेवायचा आणि ताटावरून उठायचा. मी त्याला एकदा म्हटलं, "तोंडाला कुलूप लावून काय बसता? एकदा काय ते ठरवा की." तो म्हणाला, "माझा भाऊ जिवंत आहे का मेलेला, हे मी ठरवू?" खरं सांगायचं तर मला राग यायचा तो भावोजींचाच. जायचं तर माणसाने नीट जावं. हे धड इकडे ना धड तिकडे, आणि घरातल्या दोन बायका रोज झिजताहेत. एकदा सकाळी पायरीवर ओल दिसली. वर ठेवलेली घागर पाझरत होती, बाकी काही नाही. मी फडक्याने पुसून घेतली. आणि मग ते फडकं नाकाशी नेलं, खारट वास येतो का बघायला. का नेलं म्हणून दिवसभर स्वतःवरच धुमसत होते.

शेवटी अक्का सासूबाईंच्या समोर येऊन बसल्या. "रत्नागिरीपासून पूर्णगडापर्यंत जुनी लाइन मी बघून पुरी करते," त्या म्हणाल्या. "एकही खांब सोडणार नाही. काही लागलं नाही, तर मग तुम्ही म्हणाल तसं. तोवर विषय काढायचा नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "माझे डोळे मिटायच्या आत संपव म्हणजे झालं."

तेव्हापासून माझ्या छंदातली मजा गेली. खांब संपला की आधी मला बरं वाटायचं, नवीन रंग मिळाला की हर्ष व्हायचा. आता प्रत्येक खांब म्हणजे अक्कांच्या कपाळावरचं कुंकू एकेक पाऊल दूर चाललेलं. मी मुद्दाम रेंगाळायचे. "अक्का, आज पाय दुखताहेत," म्हणायचे. "अक्का, हा खांब नीट नाही बघितला, परत येऊ." अक्का ओळखून होत्या. "चल गो," म्हणायच्या, "खांब काही पळत नाहीत नि मी पण नाही." पावसाळ्यात जाणं बंद झालं तेव्हा मी मनातून देवाला हात जोडले. पाऊस ओसरला, गवत पिवळं पडलं, आणि अक्कांनी डबा भरला.

सड्यावर गवत कापणारी एक बाई एकदा आम्हांला ओरडून म्हणाली, "बायांनो, टळटळीत दुपारच्या इथे काय करताव? आम्ही गुरं पण इकडे सोडत नाय. खांब बोलतात इथले."

"बोलू देत," मी म्हटलं, "खांबांपेक्षा जास्त बोलणारी मी आल्येय सोबत."

ती हसली नाही. भारा डोक्यावर घेऊन मागे न बघता निघून गेली.

त्याच दिवशी ते झालं. अक्का मागे राहिल्या होत्या, मी पुढच्या खांबाशी एकटी. वरची वाटी जांभळट होती, अर्धी फुटलेली. मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी पण कान लावला. आत आवाज होता. घुमण्याचा नव्हे. कोणी माणूस काही सांगायला तोंड उघडतो, श्वास आत घेतो, आणि मग राहू दे म्हणून थांबतो, तसा. पुन्हा तसाच. पुन्हा. मी झटकन मागे सरले. "वारा गो, वारा," मी मोठ्याने स्वतःलाच म्हटलं. पण गवताचं एक पातं हलत नव्हतं. अक्का आल्या आणि माझ्या कानाला लागलेला गंज त्यांनी पदराने पुसला. काही विचारलं नाही. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, त्यामुळे नवऱ्याला वाटलं मला ताप आलाय.

शेवटचा खांब पूर्णगडाला, जुन्या पोस्टाच्या मागे उतार संपतो तिथे, खाडीच्या काठच्या कांदळवनात होता. शिमगा जवळ आला होता. खांबावर वाटी नव्हती, चांगलीही नाही आणि फुटकीही नाही, नुसती खुंटी. तार तर नव्हतीच. मागच्या कितीतरी खांबांवर नव्हती. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. इथे काही लागणार नव्हतं, आणि काही लागलं नाही की काय करायचं ते ठरलेलं होतं.

अक्का चिखलात उतरल्या. खांबाला हात लावला, मग कान. भरतीचं पाणी कांदळांच्या मुळांतून वर येत होतं. पाणी त्यांच्या घोट्यांवर आलं तरी त्या हलल्या नाहीत. "अक्का, भरती येत्येय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब. त्यांचा चेहरा मी असा कधीच बघितला नव्हता. दारात कोणी बोलत असावं आणि आपण मान डोलवत ऐकत असावं, असा. एकदा त्या "हं" म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा "हं."

मग त्या वर आल्या, लुगड्याचा ओला काठ पिळला, आणि म्हणाल्या, "आली."

"काय आली?"

"तार."

मी वर बघितलं. वर आभाळ आणि गंजकी खुंटी. "अक्का, अहो, वर तारच नाहीये."

"माझी तार आहे ती," अक्का म्हणाल्या. "तुला कशी ऐकू येईल?" आणि मग अगदी नेहमीच्या आवाजात, "पावसवरून जाणारी एसटी किती वाजता गो? चुकायला नको."

घरी आल्यावर त्या सरळ सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. "आई, त्यांना पाणी द्या." एवढंच. आणि इतकी वर्षं जिने त्या पाण्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, त्या माझ्या सासूबाईंनी अक्कांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि म्हणाल्या, "नको गो. एवढ्यात नको. काय कळलं तुला? मला सांग ना, काय कळलं?" अक्कांनी सांगितलं नाही. मलाही आजपर्यंत कळलेलं नाही. त्या दोघी तिथेच जमिनीवर बसल्या आणि मी चूल पेटवायच्या निमित्ताने आत गेले, कारण मला ते बघवेना.

विधी पूर्णगडालाच करायचा ठरला, खाडीच्या मुखाशी वाळूवर. बायका अशा ठिकाणी जात नाहीत. अक्का म्हणाल्या, "मी जाणार." कोणी अडवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याने होणार नाही," आणि घरी राहिल्या. अक्कांच्या सोबतीला म्हणून मी गेले. निघायच्या आधी त्यांनी मंगळसूत्र स्वतःच्या हातांनी काढून देवाजवळ ठेवलं. कोणी सांगायची वाट बघितली नाही.

भटजींनी वाळूवर पळसाचे देठ मांडले, दर्भाने बांधले. नारळाचं डोकं, डाळिंबाच्या दाण्यांचे दात. मला वाटलं होतं काड्यांचं काहीतरी बुजगावणं होईल. पण तो हळूहळू माणूस होत गेला. पाय झाले, छाती झाली. मी अक्कांचा दंड धरला होता.

भटजींनी डोळ्यांसाठी दोन कवड्या काढल्या.

"कवड्या नकोत," अक्का म्हणाल्या. "त्यांचे डोळे पांढरे नव्हते."

त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडली. वाटभर वेचलेले फुटक्या वाट्यांचे तुकडे होते त्यात, हिरवे, निळे, जांभळे, पिवळे. त्यांनी बोटांनी चाचपून दोन काढले, फिकट हिरवट. भावोजींचे डोळे घारे होते. मला ते ठाऊकच नव्हतं. नव्या सुनेने थोरल्या दिराच्या चेहऱ्याकडे वर मान करून बघायचं नसतं, आणि पुढे बघायला ते उरले नाहीत.

"पोथीत कवड्या सांगितल्या आहेत," भटजी म्हणाले.

माझा नवरा पुढे झाला. इतकी वर्षं दोन बायकांच्या मध्ये ज्याने ब्र काढला नव्हता, तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या भावाचे डोळे मला माहीत आहेत. काच ठेवा."

भटजींनी काच ठेवली, आणि त्याने आमच्याकडे बघितलं. दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. ऊन त्या तुकड्यांत शिरलं आणि वाळूवर निजलेला तो माणूस आमच्याकडे बघायला लागला. भटजी चटकन बाजूला सरकले आणि मंत्र म्हणायची त्यांची गती एकदम वाढली. माझ्या नवऱ्याने अग्नी दिला तेव्हा तोंड वळवून दिला. देठ वाळलेले होते, भराभर पेटले. आगीत टच् असा आवाज झाला, पुन्हा एकदा झाला. अक्का डोळे न मिटता बघत होत्या.

राख पाण्यात सोडली. तीळ सोडले, पाणी सोडलं. सगळे खाडीत बुडी मारून वर आले. अक्काही पाण्यात उतरल्या, कमरेइतक्या, आणि बाहेर येईनात. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

भावोजींना. नावाने. नुसतं नाव, पुढे काही नाही, मागे काही नाही.

त्यांच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे आम्हां सगळ्यांच्याच कानीकपाळी लहानपणापासून ओरडलेलं. बारा वर्षं या बाईने हरवलेला माणूस शोधला, खांबाखांबाला कान लावला, आणि त्याला एकदाही नावाने बोलावलं नाही, त्याचं आयुष्य कमी होईल म्हणून. आता कमी व्हायला काही राहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा हाक मारली, मोठ्याने, नारळीच्या आगरात कामाला गेलेल्या माणसाला जेवायला बोलावतात तशी. मचव्यावर जाळी आवरणारे खारवी वळून बघायला लागले.

माझा नवरा ओल्या पंच्याने डोकं पुसत होता, त्याचा हात तसाच राहिला. भटजी पळी-पंचपात्र पिशवीत भरत होते, तेही थांबले. घटकेपूर्वी त्यांनीच मंत्र म्हणून त्याला जाळलं होतं, तरी मान वळवून ते खाडीच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याची ओ येते का, ते आम्ही सगळेच ऐकत होतो.